उसाचा प्रयोग धानाच्या बांधीत

मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात जसाच्या तसा करता येणार नाही. तो का करता येणार नाही, हे नीट पाहिलं तर प्रयोगांच्या वैधतेचा निम्मा वाद उलगडतो.

प्रयोग तमिळनाडूतला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तो 2013 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. विलुप्पुरम आणि तिरुवन्नामलै या जिल्ह्यांतल्या 54 गावांमधले 464 ऊस उत्पादक शेतकरी त्यात होते. त्यांना ऊसतोडणीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा रेव्हनच्या आकृत्यांची बुद्धिचाचणी दिली. तोडणीआधी घरात पैसा नसतो, दागिना गहाण पडलेला असतो, उसनवारी चालू असते. त्या दिवसांत बरोबर उत्तरांची सरासरी आली 4.35. उसाचे पैसे हातात पडल्यावर ती 5.45 झाली. माणूस तोच, शाळा तेवढीच शिकलेला, आणि मधल्या काही महिन्यांत त्याचं डोकं जास्त चालायला लागलं. चणचण डोक्यात जागा अडवून बसते आणि बाकीच्या विचाराला जागा उरत नाही, असा अर्थ संशोधकांनी काढला.

या प्रयोगाचं खरं बळ चाचणीत नव्हतं, उसात होतं. साखर कारखाना सगळ्यांचा ऊस एका दिवशी उचलत नाही. तोडणीचा क्रम कारखाना ठरवतो आणि ती काही महिने चालते. त्यामुळे एकाच गावात, एकाच आठवड्यात एकाचा ऊस गेलेला असतो आणि शेजाऱ्याचा उभा असतो. ऊन, पाऊस, सण, लग्नसराई दोघांना सारखीच. वेगळी गोष्ट एकच, पैसा आला की नाही. शिवाय दुसऱ्यांदा चाचणी देणारा सरावानेही सुधारतो, हे ओळखून 100 शेतकरी बाजूला ठेवले होते. त्यांची पहिली चाचणीच तोडणीनंतर घेतली.

आता वैनगंगेच्या काठी या. पवनीकडे पीक धानाचं. जुलैत रोवणी, मग हलका धान दिवाळीच्या सुमारास कापणीला आणि भारी धान त्यानंतर. कोणी हलका लावायचा आणि कोणी भारी, हे कारखाना ठरवत नाही. ज्याच्या बांधीत पाणी टिकतं, बोडी किंवा कालवा जवळ आहे, तो भारी लावतो. ज्याची जमीन वरची, पावसावरची, तो हलका. म्हणजे ‘आधी कापणी झालेले’ आणि ‘अजून न झालेले’ हे दोन गट मुळातच सारखे नाहीत. एकाकडे पाणी आहे आणि पाणी म्हणजे पत. त्यात गोसीखुर्द धरण याच तालुक्यात असल्यामुळे पाण्याचा हिशेब गावागणिक बदलतो.

बरं, सगळ्यांची कापणीआधी एकदा आणि नंतर एकदा चाचणी घेतली, तरी अडचण संपत नाही. कापणीनंतरचे दिवस म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, दंडार आणि नाटकं होतात, पाहुणे येतात. थंडी पडते, चिखलातलं काम संपलेलं असतं. मग वाढलेले गुण पैशाचे, विश्रांतीचे की उत्सवाचे? भरीला भर म्हणजे धान कापला की पैसा आला, असंही इकडे नाही. आधारभूत केंद्रावर काटा व्हायचा, मग चुकारे यायचे, मग बोनसची वाट पाहायची. कापणी आणि पैसा या दोन तारखांमध्ये कधी कधी महिने जातात.

प्रयोग इथल्या मातीतला, शेतकरी खरे, काळजी खरी. तरीही निष्कर्ष डळमळीतच राहील. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1963 साली हा प्रश्न दोन भागांत मांडला. दिसलेला फरक आपण म्हणतो त्याच कारणाने पडला का, ही अंतर्गत वैधता. तो निष्कर्ष इतर माणसांना, इतर ठिकाणी, इतर वेळी लागू पडतो का, ही बाह्य वैधता. दोघींचं एकमेकींशी फारसं जमत नाही. पहिली घट्ट करायला गेलं की जग बाहेर ठेवावं लागतं. दुसरीसाठी जग आत घेतलं की कारणांचा गुंता होतो. तमिळनाडूच्या उसात दोघी एकत्र नांदल्या. असं फार क्वचित घडतं आणि त्याचं निम्मं श्रेय साखर कारखान्याच्या वेळापत्रकाला द्यायला हवं.

तरी या प्रयोगाचीही बाह्य वैधता पूर्णपणे सिद्ध झालेली आहे असं नाही. अमेरिकेत कार्व्हाल्हो, मायर आणि वांग यांनी 2016 साली पगाराच्या आधी आणि नंतर लोकांना तपासलं. त्यांना बुद्धीच्या कामगिरीत फरक आढळला नाही. काहींच्या मते यात आधीचा प्रयोग खोटा ठरला. मला तसं वाटत नाही. महिन्याचा पगार चार दिवसांवर येणं वेगळं आणि वर्षाचं उत्पन्न उभ्या पिकात अडकलेलं असणं वेगळं. पवनीचा धान उत्पादक या बाबतीत पगारदारापेक्षा ऊसवाल्याला कितीतरी जवळचा आहे.

खरेपणाचाही घोळ आहेच. प्रयोग खऱ्या आयुष्यासारखा दिसला पाहिजे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इलियट अ‍ॅरनसन आणि मेरिल कार्लस्मिथ यांनी 1968 साली या अपेक्षेचे दोन तुकडे केले. परिस्थिती रोजच्या आयुष्यासारखी दिसते का, हा एक खरेपणा. त्यात बसलेल्या माणसाला ती खरोखर भिडते का, हा दुसरा. वडसा-देसाईगंजच्या मंडळींचं नाटक पवनीकडच्या ज्या कुणी रात्रभर पाहिलं असेल, त्याला हे लगेच कळेल. मागचा पडदा रंगवलेला, महाल कापडाचा, तरी बाप मुलीला घराबाहेर काढतो तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावतात.

स्टॅन्ली मिलग्रॅमचे येल विद्यापीठातले आज्ञापालनाचे प्रयोग या दुसऱ्या खरेपणावर उभे होते. प्रयोगकर्त्याच्या हुकमावरून दुसऱ्या माणसाला विजेचे धक्के द्यायचे होते. यंत्र खोटं होतं, किंकाळ्या आधी मुद्रित केलेल्या होत्या, आणि असलं यंत्र कुणाच्या रोजच्या आयुष्यात नसतं. तरी यंत्रापाशी बसलेल्यांना घाम फुटत होता. मुख्य प्रयोगात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. टीकाकारांनी विचारलं, ही येलच्या दबदब्याची किमया तर नाही? मग मिलग्रॅमने ब्रिजपोर्टमध्ये एका साध्या कार्यालयात तोच खेळ मांडला. आज्ञा पाळणारे कमी झाले, पण जवळजवळ निम्मे उरलेच. मार्टिन ऑर्न आणि चार्ल्स हॉलंड यांचा 1968 सालचा आक्षेप यापेक्षा खोल होता. विद्यापीठ खरोखर कुणाला मारू देणार नाही, हे समोरचा मनात धरून चालत असणार. पुढे जिना पेरी आणि सहकाऱ्यांनी मिलग्रॅमची कागदपत्रं तपासली. धक्के खरे आहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात आज्ञा मोडणारे जास्त निघाले. म्हणजे हा प्रयोग जितका भिडला, तितका त्याचा गाजलेला आकडा सैल पडतो.

याहून बोलकी गोष्ट परिचारिकांची आहे. 1966 साली हॉफलिंग यांनी अमेरिकेतल्या खऱ्या रुग्णालयांत, खऱ्या पाळीवर असलेल्या परिचारिकांना अनोळखी डॉक्टरच्या नावाने फोन करवला. एक औषध कमाल मर्यादेच्या दुप्पट मात्रेत द्या, असा हुकूम होता. 22 पैकी 21 जणी द्यायला निघाल्या. इतकं खरं ठिकाण, इतका खरा पेशा. मग वैधतेचा प्रश्नच कुठे उरतो? 1977 साली रँक आणि जेकबसन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. फरक दोन. औषध परिचारिकांच्या ओळखीचं, व्हॅलियम. आणि सहकाऱ्यांना विचारायची मुभा. या वेळी 18 पैकी फक्त 2 जणी द्यायला तयार झाल्या. पहिल्या प्रयोगात इमारत खरी होती, पण औषध कुणी कधी न ऐकलेलं आणि बाईला एकटं पाडलेलं. खऱ्या वॉर्डात औषधाचं नाव माहीत असतं आणि बाजूला दुसरी सिस्टर असते. भिंती खऱ्या असल्या म्हणजे परिस्थिती खरी झाली, असं होत नाही.

याच्या उलट टोकाला उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातला प्रयोग आहे. माझ्या मते भारतात झालेल्या अशा कामांत तो सर्वांत वजनदार. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सोडवलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. गट सहा मुलांचे, तीन सवर्ण आणि तीन दलित. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच सरस किंवा कच्ची निघाली. दुसऱ्या गटांमध्ये सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. कोडी तीच, बक्षीस तेच. दलित मुलांचे गुण लक्षणीय घसरले.

चक्रव्यूहाचं कोडं या मुलांच्या आयुष्यात कुठेच नव्हतं, आणि ते नव्हतं हेच बरं झालं. गणिताचा पेपर दिला असता तर शिकवणी कुणाला होती, मास्तर कुणाकडे लक्ष देतात, घरी दिवा कुणाकडे होता, हे सगळं गुणांत मिसळलं असतं. कोडं सगळ्यांना सारखंच परकं. पण चारचौघांत जात पुकारली जाणं मात्र अजिबात परकं नव्हतं. खरेपणा कुठे ठेवायचा आणि कुठून काढून टाकायचा, याची ही निवड होती, आणि ती अचूक होती. शिष्यवृत्तीच्या यादीसाठी वर्गात हात वर करायला लावलेल्या कुणालाही तिचं मोल सांगावं लागणार नाही.

खरेपणा मुद्दाम काढून टाकल्याचं मराठी उदाहरण खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं आहे. फलज्योतिषाची ही चाचणी 2008 साली पुण्यात जाहीर झाली. नारळीकरांबरोबर संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: 100 हुशार मुलं आणि 100, त्या वेळच्या शब्दात, मतिमंद मुलं. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच विचारलं. नाणं उडवलं तरी 20 बरोबर येतील. चाचणी जिंकायला 28 हव्या होत्या. 51 जणांनी नाव नोंदवलं, 27 जणांची उत्तरं आली. त्यांची सरासरी 17.25, सर्वांत चांगला गुणांक 24. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, त्यातल्या 102 बरोबर निघाल्या.

यावरचा एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ज्योतिषाकडे माणूस समोर बसतो, प्रश्न घेऊन येतो. नुसती पत्रिका टपालाने पाठवणं ही त्या विद्येची खरी परिस्थितीच नव्हे. आक्षेपातलं वर्णन बरोबर आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. समोर बसलेल्या बापाच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, आवाजात मुलाबद्दल इतकं काही लिहिलेलं असतं की पत्रिका न उघडताही बरंच कळेल. दावा ग्रहांचा असेल तर माणूस खोलीबाहेर ठेवावाच लागतो. डग्लस मूक या मानसशास्त्रज्ञाने 1983 साली बाह्य अवैधतेच्या बचावार्थ एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रयोगाचं काम दर वेळी आयुष्याची नक्कल करणं नसतं. कधी एखाद्या दाव्याला कोंडीत पकडून ‘हे जमतं का ते दाखव’ म्हणणं, एवढंच असतं. पुण्याच्या चाचणीने तेच केलं. 27 उत्तरांचा नमुना लहान आहे आणि निम्मे लोक गळाले, ही तिची खरी उणीव. ती आक्षेप घेणाऱ्यांनी फारशी मांडली नाही.

मग परिस्थितीची नक्कल कधी हवीच? प्रश्न क्षमतेचा असेल तेव्हा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांवर 1985 साली छोटासा अभ्यास झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत ती 98 टक्के बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले तर 37 टक्के. पाचच मुलं, म्हणून शंका राहिली. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचं मोठं काम छापलं. तपासनीस गिऱ्हाईक बनून गेले. 20 रुपये किलोचे 800 ग्रॅम बटाटे, 15 रुपये किलोचे 1.4 किलो कांदे. किती झाले, नोट दिली तर परत किती? पोरांनी तोंडी सांगितलं. शाळेच्या पद्धतीचं उदाहरण समोर ठेवल्यावर तीच पोरं अडली. बाजारात न बसणाऱ्या, फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांचं उलट झालं: वहीत भागाकार बरोबर, बाजारात गोंधळ. पवनीच्या आठवडी बाजारात वांगी-टमाटर विकणाऱ्या पोराला सर्वेक्षणाच्या कागदावर ‘भागाकार येत नाही’ या रकान्यात टाकणारे आपण, मोजतो काय हे एकदा तपासायला हवं. या भागात शिक्षक असणाऱ्यांनी तर नक्कीच.

प्रयोगशाळेला सुचतं कुठून, हाही भाग आहे. 1934 सालच्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या. हादरा बसलेल्या, पण मोठं नुकसान न झालेल्या भागांतले लोक आणखी भयंकर संकटं येणार असं एकमेकांना सांगत होते. दुर्गानंद सिन्हांनी पुढे दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्यावर पाहिलं, तर प्रत्यक्ष विध्वंस झालेल्या ठिकाणी अशा अफवा नव्हत्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजरला कोडं पडलं: भीती वाढवणाऱ्या अफवा माणूस का धरून ठेवतो? त्याने उत्तर मांडलं की, भीती आधीच मनात असते आणि अफवा तिला कारण पुरवते. यातून विसंगतीचा, म्हणजे मनातल्या न जुळणाऱ्या गोष्टी माणूस कशा जुळवून घेतो याचा, सिद्धांत निघाला. 1959 मध्ये स्टॅनफर्डला विद्यार्थ्यांना अर्धा तास खुंट्या फिरवायला लावून तो तपासला गेला. बिहारच्या भेदरलेल्या माणसांपासून खुंट्यांपर्यंतचा हा प्रवास वाचताना हसू येतं. पण पुस्तकात स्टॅनफर्ड येतं, पाटणा तळटिपेत जातं, हे पाहून येत नाही.

आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला म्युलर-लायर भ्रम हमखास असतो. दोन सारख्या रेषा, टोकांचे बाण आत की बाहेर यावरून एक लांब वाटते. वहीत निष्कर्ष लिहिला जातो की प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग केला त्याला) भ्रम झाला. नीलगिरीतल्या तोडा लोकांवर विसाव्या शतकाच्या आरंभी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सने हेच करून पाहिलं होतं, आणि त्यांना तो भ्रम इंग्रजांपेक्षा कमी झाला. इतकी साधी, डोळ्यांची वाटणारी गोष्टही माणूस कुठे वाढला यावर हलते. तरी विसाव्या शतकातलं बहुतेक मानसशास्त्र अमेरिकी विद्यार्थ्यांवर उभं राहिलं. जेफ्री आर्नेटने 2008 साली मोजलं: प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतले 96 टक्के प्रयुक्त जगाच्या 12 टक्के लोकसंख्येच्या देशांतले. आपण इकडे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून ‘भारतीय’ म्हणतो, तेव्हा तीच चूक एक मजला खाली येऊन करतो. याला जुना अपवाद व्ही. व्ही. कामत यांचा. त्यांनी 1930 च्या दशकात धारवाडला बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली.

2015 साली मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल आले आणि जेमतेम 36 टक्क्यांत परिणाम पुन्हा दिसला. त्याबद्दल इथे एवढंच पुरे: जो परिणाम दुसऱ्या प्रयोगशाळेतही टिकत नाही, तो पवनीला आणायचा खर्च कुणी करू नये.

शेवटचा धोका आमच्या तालुक्याचा खास आहे. ऑर्नने 1962 साली दाखवलं की, प्रयोगात बसलेला माणूस समोरच्याच्या मनातलं ओळखायचा प्रयत्न करतो आणि तसं वागतो. त्याने लोकांना बेरजांचे ढीगभर कागद दिले, प्रत्येक कागद सोडवून झाला की फाडायला सांगितलं. लोक तासन्‌तास बेरजा करून फाडत राहिले, कारण यात काहीतरी शास्त्र असणार असं त्यांनी गृहीत धरलं. पवनीत हा अंदाज वेगळ्या दिशेने बांधला जातो. गोसीखुर्दच्या बुडीत गावांत फॉर्म घेऊन येणारा माणूस म्हणजे पुनर्वसनाची मोजणी, पॅकेज, भरपाई. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला वाघाबद्दल विचारणारा म्हणजे वनखात्याचा माणूस. ‘वाघाची भीती किती वाटते, 1 ते 5’ असं विचारलं की मोहफूल वेचायला रोज पहाटे जाणारी बाई 5 सांगेल किंवा 1. कुंपण हवं आहे की जंगलात जायची परवानगी टिकवायची आहे, यावर ते ठरेल. आकडा नीट भरलेला दिसेल, पण त्यात भीती मोजलेली नसेल.

यावर ऑर्ननेच सुचवलेला उपाय स्वस्त आहे: प्रयोग संपल्यावर माणसाला विचारा की, हे सगळं कशासाठी चाललं होतं असं त्याला वाटलं. झाडीपट्टीतल्या मानसशास्त्राच्या अध्यापकांना विनंती आहे, प्रात्यक्षिकाच्या वहीत निष्कर्षाच्या वर हा एक रकाना याच सत्रापासून घाला, आणि त्यातलं उत्तर विद्यार्थ्याने प्रयुक्ताच्या शब्दांत, आपल्या बोलीत आलं असेल तर बोलीतच, लिहावं असा आग्रह धरा.